धापूकाकी आणि पाहुण्याच्या मोजड्या

धापूकाकीच्या घरी जायचं असेल तर परतीची घाई आपल्या घरी खुंटीला टांगून जावं, असं वाळवंटातल्या त्या बाजूच्या सगळ्या ढाण्यांवर, म्हणजे शेतातल्या वस्त्यांवर, म्हणत. पाहुणा दारात मोजड्या काढायचा, आत येऊन खाटेवर टेकायचा, ताकाचा पहिला पेला संपवून दुसऱ्याला नाही नाही म्हणायचा, आणि तेवढ्यात बाहेरच्या मोजड्या नाहीशा झालेल्या असायच्या. कधी बाजरीच्या कणगीत, कधी गोवऱ्यांच्या रचलेल्या ढिगात, तर एकदा थेट रिकाम्या रांजणात. मग पाहुण्याने कितीही हात जोडले तरी काकीचं उत्तर ठरलेलं. "उन्हं कलू देत. मोजड्यांना काय पाय फुटलेत?"

जमीन मोजायला आलेला एक पटवारी असाच अडकला. पहिल्या दिवशी चिडला, दुसऱ्या दिवशी लापशी खाल्ली, आणि तिसऱ्या दिवशी निघताना म्हणाला, "काकी, माझी बदलीच करून घेतो इथे." एका साधूमहाराजांची तर तिने एकच खडाव लपवली. का, तर साधूच्या दोन्ही खडावा लपवणं पाप. महाराजही हसले. एका खडावेवर ते किती लांब जाणार?

नावही बाईचं मजेचंच. घरात एकामागून एक मुलीच होत गेल्या तेव्हा बाप म्हणाला, "धापलो बाबा." त्यांच्या बोलीत धापलो म्हणजे पोट भरलं, आता पुरे. म्हणून हिचं नाव धापू. देवाने ऐकलं आणि हिच्या पाठीवर मुलगा दिला. त्याचं नाव पूनम. काकी सांगायची, "पूनमला जगात आणलं ते माझ्या नावानं. मी धापू झाले नसते तर अजून सहा बहिणी रांगेत उभ्या होत्या."

पण पूनमचं नाव निघालं की ती पुढे फारसं बोलायची नाही, हातातलं काम धरायची. लग्न होऊन ती सासरी रुळली होती तेव्हाची गोष्ट. जेठाचा, म्हणजे ज्येष्ठाचा, महिना. पूनम बहिणीला भेटायला आला, सोगरा, म्हणजे बाजरीची भाकर, आणि कढी खाल्ली, आणि ऐन दुपारी उठला. म्हणाला, आई वाट बघत असेल. धापूने थांब थांब म्हटलं, पण भावाला कोण अडवणार? तिनेच त्याच्या मोजड्या उचलल्या, आतली वाळू झटकली आणि त्याच्यापुढे नीट जोडून ठेवल्या. तो घरी पोचलाच नाही. शोधून काढला तेव्हा पाण्याचं टाकं त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. तेव्हापासून तिच्या दारातून दुपारचा पाहुणा गेला नाही. लोकांना वाटे, बाईला आग्रहाची भारी हौस. ज्यांना माहीत होतं ते गप्प बसून दुसरा पेला घेत.

पूनमला ज्याने शोधून काढला तो तिचा जेठ आसूराम, म्हणजे थोरला दीर. हा माणूस पगी होता. वाळूवरचं पाऊल बघून माणूस ओळखायचा. कोण गेलं, कोणाचा उंट, ओझं होतं की मोकळा, बाई पोटुशी होती की काय, सगळं सांगायचा. चोरीला गेलेले उंट त्याने सरहद्दीपर्यंत जाऊन आणले होते. बायको वारली, मुलगे शहरात गेले, तेव्हापासून तो धाकट्या भावाच्या, म्हणजे धापूच्या नवऱ्याच्या, खींवारामच्या ढाणीवरच राही आणि धापूच्या हातचं जेवे.

आता तिकडची रीत अशी की सुनेने जेठासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यानेही तिच्याशी बोलायचं नाही. खींवाराम घरी असला तर काही अडत नसे, पण तो बहुतेक वेळ उंट घेऊन कुठल्यातरी जत्रेत. म्हणून दोघांनी मध्यस्थ नेमले होते. धापूची चांदकी नावाची शेळी आणि आसूरामचा भूरिया नावाचा म्हातारा उंट.

धापू ताट ओट्यावर ठेवी आणि शेळीला सांगे, "चांदकी, भाकर गार होतेय म्हणावं."

विहिरीपाशी बसलेला आसूराम उंटाला म्हणे, "भूरिया, तिला विचार, आज कढीत मीठ आहे की कालच्यासारखंच?"

"चांदकी, सांग, मीठ कालही होतं. जिभेचं वय झालं म्हणावं."

उंट रवंथ करी, शेळी कान हलवी, आणि संसार सुरळीत चाले. वर्षानुवर्षं असंच. धापूने जेठाचं तोंड कधी धड पाहिलं नव्हतं. पदराखालून दिसायची ती त्याची पावलं. तिला विचारलं असतं की जेठ दिसायला कसा, तर तिने टाचेपासून सुरुवात केली असती आणि घोट्याशी थांबली असती.

त्या वर्षी चैत सरत आला होता. खींवाराम तिलवाड्याच्या जत्रेला गेलेला. ढाणीवर मोडाराम उस्ताद उतरला होता. हा बीकानेरकडचा माणूस, उंटाच्या अंगावरचे केस कातरून नक्षी काढणारा. कात्र्यांची पिशवी खांद्याला लावून होळीनंतर ढाणी ढाणी फिरायचा. उंटाच्या मानेवर वेल काढायचा, पाठीवर मोर, आणि मालकाने चांगलं जेवायला घातलं तर मांडीवर त्याच्या सासूचं नाक. धापूला तो भाभी म्हणे, आणि दिराच्या नात्याने दोघांची जुगलबंदी चाले.

भूरियाच्या अंगावरची नक्षी सकाळी संपली. उस्तादला पुढच्या ढाणीवर दलारामचा उंट कातरायचा होता.

"भाभी, मोजड्या दे. दलाराम उंट बसवून ठेवणार आहे."

"बसू दे. उंट बसायलाच जन्मलाय."

"दरवर्षीचं आहे तुझं हे."

"मग दरवर्षी विचारतोस कशाला? जेव, पड जरा. उन्हं कलली की कणगीतनं आपोआप बाहेर येतील."

"म्हणजे कणगीत आहेत."

"कणगीवर मी बसणार आहे," असं म्हणून ती खरंच कणगीला टेकून बसली. डोक्यावर खुंटीला उस्तादची पाण्याची पिशवी टांगलेली. तीही तिच्या ताब्यात. उस्ताद हसत खाटेवर आडवा झाला. बाहेर लू सुटली होती, भाजणारा वारा. टेकल्या टेकल्या काकीचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा खाट रिकामी होती. कात्र्यांची पिशवी नव्हती. तिने कणगीत हात घातला, मोजड्या जागेवर होत्या. तिला हसूच आलं. अनवाणी कुठे जाणार, बसला असेल शेळ्यांच्या वाड्यात दडून, मला घाबरवायला. तिने वाडा पाहिला, गोवऱ्यांमागे पाहिलं, "ये बाहेर, लापशी करते," असंही म्हणाली. कोणी आलं नाही.

एवढ्यात दलाराम उंटावरून आला. "काकी, उस्ताद कुठाय? उंट बसून बसून उठायला लागला."

"तुला वाटेत भेटला नाही?"

"वाटेत काळं कुत्रं नाही."

धापूने वळून खुंटीकडे पाहिलं. पाण्याची पिशवी भरलेली, तशीच लटकत होती. पूनम निघाला तेव्हाही अशीच हवा होती.

ती ओट्यावर आली, पदर ओढला. विहिरीपाशी आसूराम बसल्या बसल्या पेंगत होता. खरं म्हणजे पाहुणा आला की दुपारी तो मुद्दाम तिथेच बसे, वाटेवर नजर ठेवून. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं आणि धापूने कधी विचारलं नव्हतं.

"चांदकी, सांग मोठ्यांना, पाहुणा गेलाय. मोजड्या कणगीत आहेत. पाणी खुंटीला आहे."

आसूराम ताडकन उठला. "भूरिया, विचार, कधी?"

"चांदकी, माझा डोळा लागला होता म्हणावं."

दलाराम एकदा शेळीकडे बघे, एकदा उंटाकडे. "अहो, मी उभा आहे ना इथे माणूस. मला सांगा की."

"तू गप रे," दोघंही एकदम म्हणाली, आणि हे मात्र थेट दलारामला.

आसूरामने पग्याच्या रीतीने ढाणीभोवती एक फेरा घेतला, वाकून, डोळ्यांवर हात धरून. मोजड्या कणगीत, म्हणजे उस्ताद अनवाणी गेला. तो अनवाणी पाऊल शोधत होता. ढाणीभोवती पावलांना तोटा नव्हता. शेळ्यांची होती, धापूची होती, दलारामच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या उंटांची होती, त्याची स्वतःची तर जिकडेतिकडे. पण बाहेर जाणारं अनवाणी पाऊल एकही नाही. तो कपाळाला आठ्या घालून परत आला.

"भूरिया, पाऊल नाही. सांग तिला, कुणाच्या तरी उंटावर बसून गेला असणार. दलाराम, तू टाक्याच्या बाजूने बघ, मी उत्तरेची वाट धरतो."

आणि दोघं दोन दिशांना गेले.

धापूने रांजणातून मातीचा घडा भरून घेतला. कोणी सापडला तर पाणी लगेच लागेल. घड्याच्या तोंडावर बांधायला ओलं फडकं हवं म्हणून ती झोपडीच्या मागे गेली. फडकी तिथे कुडावर वाळत घातलेली असत. कुडाच्या सावलीत तेलाची वाटी होती. वाटीशेजारची जागा रिकामी.

सकाळी तिने जेठाच्या जुन्या मोजड्यांना तेल लावून त्या तिथे मुरत ठेवल्या होत्या. मुलाने शहरातून नवा जोड पाठवला होता, दोनच दिवस झाले आसूराम तो घालत होता. जुना जोड तिने मागून घेतला होता, अर्थातच चांदकीकरवी. चामडं मऊ झालं तर अजून चार वर्षं जाईल म्हणून.

ती खाली बघू लागली. खाली बघायची सवय तिला आयुष्यभराची. कुडापासून पावलं निघाली होती ती थेट पश्चिमेला, धोऱ्याकडे, वाळूच्या टेकडीकडे, जिकडे वाटच नाही. टाचेला लोखंडी नाल, नालेचा एक खिळा पडलेला. जेठाची मोजडी, यात शंका नाही. हीच पावलं तो आत्ता ओलांडून गेला होता. आपलीच पावलं कोण बघतो? पग्याच्या डोळ्याला सगळ्या जगाची पावलं दिसतात, स्वतःची तेवढी दिसत नाहीत.

मोजडी जेठाची होती, पण चाल जेठाची नव्हती.

हे तिला एका नजरेत कळलं. आसूराम तरुणपणी उंटावरून पडला होता, तेव्हापासून त्याचा डावा पाय जमिनीवरून जरा घसटत येई. त्याच्या डाव्या पावलामागे वाळूत नेहमी एक शेपटी असायची. इतकी वर्षं पदराखालून तिने ती शेपटी पाहिली होती. ओट्यासमोरून जाताना, विहिरीकडून येताना. इथे दोन्ही पावलं कोरी होती. आणि टाच बुडालेली, बोटं उचललेली, म्हणजे मोजडी पायाला मोठी.

उस्ताद विहिरीवर बसलेल्या आसूरामला चुकवून मागच्या बाजूने सटकला होता. भाभीला यंदा हरवायचं म्हणून.

तिने मान वर केली. आसूराम उत्तरेच्या धोऱ्यावर पार वर पोचला होता, उंटासह बोटाएवढा दिसत होता. शेळीला सांगून ते त्याच्यापर्यंत जाणार नव्हतं. दलाराम नजरेआड. खींवाराम तिलवाड्याला. ढाणीवर दुसरं माणूस नाही.

धापू झोपडीशेजारच्या टेकाडावर चढली. डोक्यावरची केशरी ओढणी तिने सोडली, दोन्ही हातांनी हवेत उडवली आणि छातीतला सगळा वारा एकवटून ओरडली.

"जेठजी, मागे फिरा! तिकडे नाही, इकडे!"

त्या रानात तिचा आवाज असा घुमला की चांदकी दावं तोडायला लागली. धोऱ्यावरचा बोटाएवढा माणूस थांबला. वळला. आणि उघड्या डोक्याची भावजय दिसताच बिचाऱ्याने झटकन तोंड फिरवलं. मग भूरियाला वळवून तो दौडत आला खरा, पण मान सगळा वेळ दुसरीकडे. उंट सरळ, स्वार तिरका. जवळ आल्यावर उंटावरून उतरून चार पावलं आला आणि पाठ करून उभा राहिला. तोवर ती कुडापाशी उतरली होती, तिने घाईने पदर ओढला.

सवयीने तो म्हणाला, "भूरिया, विचार..."

"भूरिया राहू दे," धापू म्हणाली. "वेळ नाही. तुमच्या जुन्या मोजड्या घालून गेलाय. हे बघा पाऊल."

आसूराम वाकला. "हे तर माझं."

"मोजडी तुमची. चाल तुमची नाही."

"कशावरून?"

"तुमचा डावा पाय घसटतो. इथे घसटलेला नाही."

आसूराम पावलांकडे बघत राहिला. मग स्वतःच्या मागे, आत्ताच उमटलेल्या आपल्या पावलांकडे पाहिलं. प्रत्येक डाव्या पावलामागे एक बारीक शेपटी होती.

"माझा पाय घसटतो?" तो हळूच म्हणाला.

"घसटतो. चला आता."

दोघं निघाली. पुढे धापू, डोक्यावर घडा, नजर वाळूवर. मागे आसूराम उंट धरून. रीतीप्रमाणे हे उलटं होतं, पण त्या दिवशी रीत ढाणीवर राहिली होती. धोऱ्याच्या अंगावर वाऱ्याने पावलं पुसली होती तिथे ती थांबे. मग आसूराम, तिच्याकडे न बघता, हात करून सांगे, "वारा इकडून होता. पाऊल पलीकडच्या पोटात असेल." आणि पलीकडच्या पोटात ते असायचं. एकदा त्याचं चुकलं, एकदा तिचं. एके ठिकाणी मोजडीतून वाळू झाडल्याचा छोटा ढीग दिसला, पुढे पुन्हा एक, आणि मग दोन ढिगांमधलं अंतर कमी कमी होत गेलं. धापूने पाऊल उचललं. पूनमच्या वेळी हे सगळं जेठाने एकट्याने पाहिलं असणार, हे तिच्या पहिल्यांदा मनात आलं.

"पूनमची पावलं अशीच होती का?" तिने विचारलं.

मागे उंटाची दोरी या हातातून त्या हातात गेली. मग आसूराम म्हणाला, "नाही. तो सरळ चालला होता. शेवटपर्यंत. चांगला पोरगा होता."

एवढंच. पण तेवढं ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती, आणि विचारायला शेळी पुरली नव्हती.

उतारावर एका जागी वाळू घसरल्याची खूण होती, आणि खाली, फोगाच्या झुडपाच्या वीतभर सावलीत, कात्र्यांची पिशवी उराशी धरून मोडाराम उस्ताद पडला होता. घोटा सुजून दुधीएवढा झाला होता. ओठ फुटले होते. धापूने गुडघे टेकले, ओलं फडकं त्याच्या ओठांवर पिळलं, थेंब थेंब, मग चूळभर, मग घोट. घोटाचे दोन घोट व्हायला वेळ लागला. ती त्याच्या गळ्याकडे बघत होती. गळा हलला, पुन्हा हलला, आणि डोळे उघडले.

उस्तादने आधी तिला पाहिलं, मग पायांकडे. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "भाभी, मोजड्या मोठ्या निघाल्या."

"अक्कल लहान निघाली," धापू म्हणाली. तिने तोंडावर पदर घेतला. रीतीसाठी नव्हे.

"तुला हरवायचं होतं एकदा."

"हरवलंस ना. पी."

आसूरामने उस्तादला उचलून भूरियावर बसवलं. सकाळी ज्याने त्या उंटाच्या मानेवर वेल काढली होती तोच आता त्या वेलीला घट्ट धरून बसला. सूर्य धोऱ्याला टेकला होता तेव्हा तिघं ढाणीवर पोचली. दलाराम बाजेवर बसून वाट बघत होता. त्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच जीभ सुटली. "काकी, तुमचा आवाज टाक्यापर्यंत आला. आमच्या म्हशीने पान्हा चोरला."

घोट्याला हळद आणि एरंडाचं पान बांधलं. उस्ताद खाटेवर पडला तो चांगला आठवडाभर. पडल्या पडल्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, की भाभीच्या घरातून पळून जाणारा आजवर एकच, आणि तोही परत आणला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीत आपल्या जागी परत आली. धापूने पदर हनुवटीपर्यंत ओढून ताट ओट्यावर ठेवलं. आसूराम नवा जोड दाराशी काढून जेवायला बसला. शेळी आणि उंट एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी आसूरामने घसा खाकरला.

"भूरिया, सांग तिला. पगी पाहिले मी पुष्कळ, पण असा आवाज कुणाचा नाही."

"चांदकी, सांग, आवाज पुन्हा निघणार नाही. पाहुण्यांनी नीट राहावं."

"भूरिया, पाय घसटतो हे तिला केव्हापासून ठाऊक होतं, विचार."

"चांदकी, सांग, मी या घरात आले त्या दिवसापासून."

आसूराम हात धुऊन उठला. उस्ताद सापडल्याची खबर त्याला आजूबाजूच्या ढाण्यांवर द्यायची होती, आणि ऊन आताच चटकायला लागलं होतं. तो दाराशी आला. नवा जोड जागेवर नव्हता. जुना उस्तादच्या खाटेखाली होता, पण तिथे हात घालायला गेला तर उस्तादने डोळे मिटून घोरायला सुरुवात केली.

आसूराम अनवाणीच ओट्याकडे वळला. इतकी वर्षं त्या घरात तो जेवला होता, पण त्याच्या मोजड्या कोणी लपवल्या नव्हत्या. आतून कणगीला कोणीतरी टेकून बसल्याचा आवाज आला.

"भूरिया," तो बसता बसता म्हणाला, "आत्ता कुठे जायचं नाही. उन्हं कलू देत."